पाहिलेले सांगावे

विज्ञानाच्या तासाला "आपल्या परिसरातील एका सजीवाचे निरीक्षण करा आणि त्याची माहिती वर्गापुढे सांगा," असे काम विद्यार्थ्यांना देण्याची पद्धत आहे. ही पद्धत उत्तम आहे. परंतु ते काम बहुधा ज्या रीतीने उरकले जाते, ती रीत उत्तम नाही, असे माझे मत आहे. त्या सूचनेतला पहिला महत्त्वाचा शब्द 'निरीक्षण' हा असतो, आणि काम करताना सर्वांत आधी गळतो तोही तोच. विद्यार्थी सिंहाविषयी बोलतो, देवमाशाविषयी बोलतो, ध्रुवप्रदेशातील पांढऱ्या अस्वलाविषयी बोलतो. तक्ता रंगीत असतो, अक्षर वळणदार असते, वाक्ये घोटून पाठ केलेली असतात. शेवटी टाळ्या होतात. त्या सर्व खटाटोपात एकच गोष्ट राहून जाते : त्या मुलाने तो प्राणी पाहिलेला नसतो.

पुस्तकातून किंवा संगणकावरून माहिती घेणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. ग्रंथ हे थोर गुरू आहेत. पण दुसऱ्याने पाहिलेले आपण पाहिल्यासारखे सांगणे ही एक प्रकारची उसनवारी आहे. आणि उसने आणलेले दागिने अंगावर घालून मिरवणाऱ्याच्या मनात, कोणी खोलात जाऊन विचारले तर काय, ही धास्ती सदैव असते. ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याला ती धास्ती नसते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

म्हणून पहिला प्रश्न असा, की निरीक्षणासाठी सजीव कोणता निवडावा? माझे उत्तर साधे आहे. जो रोज भेटतो, तो निवडावा. मोठा, दुर्मीळ किंवा भयंकर प्राणी निवडला म्हणजे आपले बोलणे मोठे होईल, ही समजूत चुकीची आहे. जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्लस् डार्विन यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो कोणावर होता? गांडुळांवर! या तुच्छ समजल्या जाणाऱ्या जीवाचे निरीक्षण ते सुमारे चाळीस वर्षे अधूनमधून करीत होते. कुंड्यांत गांडुळे ठेवून त्यांना ऐकू येते की नाही, हे त्यांनी तपासले. जवळच पियानो मोठ्याने वाजवला, तरी गांडुळे स्तब्ध राहिली. मग त्याच कुंड्या पियानोवर ठेवून एक स्वर वाजवला, तेव्हा ती झटकन बिळात शिरली. गांडुळाला ध्वनी ऐकू येत नाही, पण कंप जाणवतो, हे त्यांना अशा रीतीने उमगले. ही कसोटी पाहायला ना मोठी प्रयोगशाळा लागली, ना दूरचा प्रवास. लागले ते कुतूहल आणि धीर.

आपल्याकडील एक उदाहरण घेऊ, म्हणजे माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. पावसाळा सुरू झाला, की गावाबाहेरच्या बाभळीवर, शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडावर, विहिरीवर झुकलेल्या फांद्यांवर, उलट्या टांगलेल्या तुंब्यांसारखी घरटी लोंबू लागतात. ही सुगरण पक्ष्याची घरटी. एका विद्यार्थ्याने याच पक्ष्याविषयी बोलायचे ठरवले आहे, असे समजू. एखाद्या पुस्तकातला उतारा उतरवून काढला, तर त्याचे काम अर्ध्या तासात होईल. पण जर तो रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे, झाडापासून काही अंतरावर, हालचाल न करता बसला, तर त्याला काय दिसेल?

पहिल्या काही दिवसांत त्याला दोन प्रकारचे पक्षी ओळखता येतील. एकाचे डोके आणि छाती पिवळीधमक, आणि चेहरा काळपट. दुसरा चिमणीसारखा मळकट, अंगावर तपकिरी रेघोट्या असलेला. पहिला नर आणि दुसरी मादी. विणीचा हंगाम संपला, की नराचा हा पिवळा थाट उतरतो आणि दोघेही सारखेच साधे दिसू लागतात. मग त्याच्या ध्यानात येईल, की घरट्यासाठी हिरवे धागे घेऊन येणारा पक्षी दर वेळी पिवळ्या डोक्याचाच आहे. तो भाताच्या किंवा जाड गवताच्या पात्यावर बसतो, चोचीने कडेला एक खाच पाडतो, खाचेजवळचा भाग चोचीत घट्ट धरतो आणि उडतो. तो उडाला की पात्याची लांब, अरुंद पट्टी सोलून निघते. अशी एकेक पट्टी आणून तो फांदीच्या टोकाला गुंडाळतो, गाठी मारतो, खालच्या बाजूला एक कडे तयार करतो. मग त्या कड्यात बसून, आपल्या चोचीला पोहोचेल तेवढ्या अंतरावर, पुढे व मागे विणत जातो. एक घरटे पूर्ण करण्यासाठी त्याला शेकडो खेपा घालाव्या लागतात.

काही दिवसांनी आणखी एक नवल दिसेल. घरटे शिरस्त्राणाच्या आकाराचे, म्हणजे अर्धेच झाले, की नर त्याला लोंबकळून पंख फडफडवतो आणि किलबिलाट करतो. माद्या येतात. एखादी मादी अर्धवट घरट्यात शिरते, इकडे चोच मारते, तिकडे ओढून पाहते, आणि मन भरले नाही तर निघून जाते. घर पसंत पडले, तरच ती राहते. मग नर ते घरटे पुरे करतो, त्याला खाली येण्याजाण्याची लांब नळी जोडतो. आणि मादी अंडी उबवू लागली, की स्वतः दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो. अंडी पांढरी, साधारणतः दोन ते चार. ती सुमारे पंधरा दिवस उबवण्याचे आणि पुढे पिल्ले वाढवण्याचे काम मुख्यतः मादीच करते. एरवी धान्य टिपणारा हा पक्षी पिल्लांना मात्र किडे भरवतो.

आता पाहा, 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीत आपण तिला 'ती' म्हणतो, आणि घरटे 'ती' विणते असे समजतो. वास्तविक विणकर नर आहे. हे ज्ञान केवळ नावाकडे पाहणाऱ्याला होत नाही. झाडाकडे पाहणाऱ्याला होते. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० सालच्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्याच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. त्या काळी त्यांच्या हाती नोकरी नव्हती; पण डोळे होते, वही होती आणि वेळ होता. अर्धवट सोडलेल्या घरट्यांविषयी पूर्वी नाना तर्क केले जात. कोणी ती नराला बसण्यासाठी केलेले झोपाळे समजत. सालिम अलींनी दिवसामागून दिवस नोंदी केल्या, आणि मादीने पसंत केलेली घरटीच पूर्ण होतात व नर एकामागून एक घरटी बांधून एकाहून अधिक माद्यांशी संसार मांडतो, हे दाखवून दिले. त्यांचा तो लेख १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही घरटी शेकडो वर्षे लोकांच्या डोळ्यांपुढे होती. दिसत सर्वांनाच होती. पाहिली मात्र थोड्यांनी.

येथे कोणी विचारील, की मग बहिणाबाई चौधरी यांनी सुगरणीच्या खोप्यावर लिहिलेल्या सुंदर कवितेचे काय? ती खोटी ठरते काय? मी आयुष्यभर मराठी शिकवली आहे, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देणे मला प्राप्तच आहे. कविता खोटी ठरत नाही. आईची माया आणि हाताचे कसब यांविषयी जे सांगायचे, ते कवयित्रीने सुगरणीच्या रूपाने सांगितले. शिवाय बहिणाबाई निरक्षर होत्या. घरट्याची ती कारागिरी त्यांनी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती; शेतात वावरताना ती त्यांच्या नजरेत भरली होती. कवयित्री असो की शास्त्रज्ञ, दोघांची सुरुवात पाहण्यातूनच झाली. भेद एवढाच, की कवितेच्या तासाला आपण सुगरणीमध्ये आपल्या मनाचे प्रतिबिंब पाहतो, आणि विज्ञानाच्या तासाला आपले मन क्षणभर बाजूला ठेवून सुगरण पाहतो. दोन्ही तास शाळेत हवेत. मात्र एकाच्या वहीत दुसऱ्याची उत्तरे लिहू नयेत.

याच पक्ष्याविषयी दुसरीही एक गोष्ट सांगितली जाते. सुगरण घरट्यात ओल्या मातीचे गोळे लावते आणि रात्री उजेड पडावा म्हणून त्यांत काजवे चिकटवते, असे म्हणतात. यातील मातीचे गोळे खरे आहेत. अर्धवट घरट्यांच्या आतल्या बाजूस ते आढळतात. काजव्यांचे दिवे ही मात्र कल्पना आहे. गोळे कशासाठी, याविषयी अभ्यासकांनीही निरनिराळे तर्क केले आहेत. वाऱ्यात घरटे फार हेलकावू नये म्हणून त्याला वजन दिले जात असावे, हा त्यांपैकी एक. आता आपल्या विद्यार्थ्याने वर्गात काय सांगावे? त्याने गोळे पाहिले असतील, तर "मी गोळे पाहिले" असे सांगावे. काजवे पाहिले नसतील, तर "काजव्यांची गोष्ट मी ऐकली आहे, पण मला काजवा दिसला नाही" असे सांगावे. वजनाची गोष्ट वाचली असेल, तर "असा तर्क मी वाचला" असे सांगावे. तीन वाक्ये, तीन वेगळ्या जाती. त्यांची भेसळ होऊ न देणे, हेच माझ्या मते या साऱ्या कामाचे मर्म आहे.

याकरिता वहीच्या पानाचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात 'मी पाहिले', दुसऱ्यात 'मला वाटते', तिसऱ्यात 'मी वाचले किंवा ऐकले'. पहिल्या भागात दिनांक, वेळ, जागा आणि हवामान यांची नोंद न चुकता असावी. कारण ज्या नोंदीला दिवस नाही, ती चार दिवसांनी आठवण न राहता अंदाज बनते. 'पुष्कळ', 'खूप', 'नेहमी' हे शब्द शक्य तेथे टाळावेत. 'नर खूप खेपा घालतो' असे लिहिण्यापेक्षा 'पंधरा मिनिटांत अमुक खेपा घातल्या' असे मोजून लिहावे. जे मोजता येते ते मोजावे, जे मोजता येत नाही त्याचे चित्र काढावे. चित्र ओबडधोबड असले तरी चालेल. चित्र काढताना बोटे डोळ्यांना प्रश्न विचारतात : नळी डावीकडे आहे की उजवीकडे? दार वर आहे की खाली? छापील चित्र चिकटवणाऱ्याला असे प्रश्न पडत नाहीत.

शहरातील मुले म्हणतील, "आमच्याकडे बाभळी कुठल्या आणि विहिरी कुठल्या?" त्यांनी निराश होऊ नये. सज्जात कढीलिंबाची एक कुंडी असली तरी पुरे. तिच्या पानांवर कधी तरी पक्ष्याच्या विष्ठेच्या ठिपक्यासारखे काही दिसेल. ते पुसून टाकण्यापूर्वी थोडा वेळ थांबा. कारण ती बहुधा फुलपाखराची अळी असेल! आपल्याला कोणी खाऊ नये म्हणून तिने घेतलेले ते सोंग आहे. कात टाकत टाकत मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला कशाचा त्रास झाला, तर डोक्यामागून एक दुभंगलेला रंगीत अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते. पुढे ती कोष करते आणि एके सकाळी त्यातून फुलपाखरू बाहेर पडते. रोज किती पाने खाल्ली गेली, अळी किती लांब झाली, कात कोणत्या दिवशी टाकली, एवढ्या नोंदी केल्या तरी तिसऱ्या मजल्यावरचे मूल असे काही सांगू शकेल, की जे साऱ्या वर्गाने कान देऊन ऐकावे. म्हणीत म्हटले आहे, दृष्टीआड सृष्टी. पण खरे पाहता कितीतरी सृष्टी दृष्टीपुढेच असते. आडवे येते ते आपले दुर्लक्ष.

माझ्या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करणे न्यायाचे आहे. पहिला आक्षेप असा : मुलांची नजर कच्ची असते. ती चुकीचे पाहतील, चुकीचे सांगतील. त्यापेक्षा तज्ज्ञांच्या पुस्तकातले बिनचूक सांगितलेले काय वाईट? मुलांची नजर कच्ची असते हे मला मान्य आहे. परंतु पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही, तसे पाहिल्यावाचून पाहणे येत नाही. शिवाय मी पुस्तक वर्ज्य सांगत नाही. ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे, एवढेच सांगतो. आधी झाड पाहून मग पुस्तक उघडणारा मुलगा त्या पुस्तकाशी बोलू लागतो : हे मीही पाहिले; हे मला दिसले नाही; हे उद्या पुन्हा पाहतो. आधीच पुस्तक वाचून घेणारा मात्र झाडावर पुस्तकातलेच शोधत बसतो, आणि नाही दिसले तरी दिसले असे लिहून मोकळा होतो.

दुसरा आक्षेप गुणांचा. रंगीत तक्त्याला जास्त गुण मिळतात आणि साध्या वहीकडे कोणी पाहत नाही, अशी मुलांची तक्रार असते. ही तक्रार खोटी नाही, आणि तिचे उत्तर मुलांनी नव्हे, तर आम्ही शिक्षकांनी द्यायचे आहे. गुण देताना शिक्षकाने तक्त्याआधी वही मागावी. "हे तू कोठे पाहिलेस? केव्हा? किती वेळा?" असे तीन प्रश्न विचारावेत. ज्या शाळेत हे प्रश्न विचारले जातील, त्या शाळेत वर्षभरात चित्र पालटलेले दिसेल.

आता प्रत्यक्ष बोलण्याविषयी थोडे. वर्गापुढे उभे राहिल्यावर सजीवाचा सारा इतिहास सांगण्याचा हव्यास धरू नये. आपण काय पाहायचे ठरवले, कोठे व किती दिवस पाहिले, काय दिसले, त्यावरून काय वाटले आणि शेवटी कोणता प्रश्न उरला, या क्रमाने बोलावे. वाचून दाखवू नये. पाहिलेली गोष्ट पाठ करावी लागत नाही. एखाद्या श्रोत्याने असा प्रश्न विचारला, की ज्याचे उत्तर आपल्याजवळ नाही, तर "मला ठाऊक नाही, मी पुन्हा पाहीन" असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे उत्तर देण्यापेक्षा हे एक वाक्य शंभर पटींनी शास्त्रीय आहे.

आणखी एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. निरीक्षणाच्या नावाखाली जीवाला इजा करू नये. वर्गात दाखवण्यासाठी अंड्यांचे घरटे तोडून आणणे, फुलपाखरे टाचणीने टोचणे, सरड्याला दोरी बांधणे हे ज्ञान नव्हे, क्रौर्य आहे. हंगाम संपल्यावर वाऱ्याने खाली पडलेले जुने घरटे मिळाले, तर ते खुशाल आणावे आणि त्याची वीण उलगडून पाहावी. विहिरीच्या काठावर एकट्याने जाऊ नये. वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. त्यातही एक लाभ आहे. शेतावरच्या एखाद्या आजोबांनी पन्नास पावसाळे ती घरटी पाहिलेली असतात; त्यांना विचारा, आणि त्यांनी सांगितलेले वहीच्या तिसऱ्या भागात लिहून घ्या.

कोणी म्हणेल, एका लहानशा शालेय कामासाठी एवढा उपदेश कशाला? विद्यार्थिमित्रांनो, काम लहान आहे, पण त्यातून जडणारी सवय लहान नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होऊन रुग्णाचा ज्वर पाहील, कोणी शेतात उभे राहून पिकावरची कीड पाहील, कोणी न्यायालयात साक्ष देईल, कोणी वर्तमानपत्रासाठी बातमी लिहील. त्या प्रत्येक प्रसंगी 'मी पाहिले' आणि 'मी ऐकले' यांतला भेद ज्याला राखता येईल, त्याच्याच शब्दावर लोक विसंबतील. हा भेद पुसला गेला, की अफवा बातमी होते, तर्क पुरावा होतो आणि निरपराध माणसाला दोष लागतो. तो राखण्याचे शिक्षण मोठेपणी अकस्मात मिळत नसते. ते अकराव्या-बाराव्या वर्षी, एखाद्या बाभळीसमोर शांत बसून, एका पिवळ्या पक्ष्याच्या खेपा मोजताना मिळते. तेव्हा या पावसाळ्यात एक वही घ्या, एक जीव निवडा, आणि जेवढे पाहाल तेवढेच, पण ते निःशंकपणे, वर्गापुढे सांगा.